मागच्या खिडकीवरची सही

मी सहजासहजी कोणाला मानत नाही. भाषणं ठोकणारे पुष्कळ पाहिले, त्यांच्या बॅगांच्या चेन मीच बसवून दिल्यात. सरकारी कचेरीसमोर फुटपाथवर माझी टपरी आहे, चेन दुरुस्तीची. बॅग, पर्स, जॅकेट, काय हवं ते आणा. शाळा अर्ध्यात सुटली. कायदा शिकले तो समोरच्या कचेरीतून हात हलवत परत येणाऱ्या बायांकडून, आणि जेवढा शिकले तेवढा चौकात उभी राहून ओरडून सांगितला. त्यापायी दोनदा टपरी उचलून नेली कचेरीवाल्यांनी. तर मला कोणी एखादीचं कौतुक सांगायला लागलं की मी म्हणते, गुण नको सांगूस, काय केलं ते सांग.

हिचंही तसंच सांगते.

आम्ही तिला हनुवटी म्हणायचो. बाजारात एक जुना फोटो स्टुडिओ आहे. आमच्याकडे बाईचा फोटो बाईनेच काढायचा असा नियम आहे, म्हणून स्टुडिओच्या मागच्या भागात जाड काळा पडदा लावलेला, आणि पडद्यामागे ही. अंगाने बारीक, चष्मा जाड, आवाज असा की पडद्याबाहेर येईपर्यंत त्यातला निम्मा गळून पडायचा. स्टुलावर बाई बसली की ही तिच्या खांद्यावरची सुरकुती सारखी करायची, दोन पावलं मागे जायची आणि म्हणायची, "हनुवटी वर." बाया हसायच्या. जन्मभर मान खाली घाल म्हणून ऐकलेलं, आणि इथे ही पोरगी म्हणते वर. कोणी म्हणायची, "अगं, सवय नाही." ही म्हणायची, "फोटोपुरती करा."

फोटो काढून झाला की कॉम्प्युटरवर त्याची साफसफाई करायची. कपाळावरचा घाम, डोळ्यांतली फ्लॅशची चमक, उडालेले केस सगळं ती पुसायची. पण कानापाशी एक बट मात्र ठेवायची. सगळे केस पुसले की माणूस बाहुलीसारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. मालक कुरकुरायचे, "गिऱ्हाईक म्हणेल, काम अर्धवट सोडलं." आजवर एकीनेही तसं म्हटलं नव्हतं. आपला फोटो हातात घेऊन बाया जरा जास्तच वेळ बघत बसायच्या, एवढं खरं.

फोटो लागायचे अर्जांना. आणि आमच्याकडे बाईचा कुठलाही अर्ज तिच्या स्वतःच्या सहीने चालत नाही. खाली एक चौकोन असतो, त्यात छापलेलं असतं, 'जबाबदार पुरुषाची सही'. बाप, नवरा, भाऊ, आणि यातलं कोणीच नसेल तर पोटचा मुलगा. मिसरूड न फुटलेला पोरगा आईसाठी जबाबदार ठरतो, आई स्वतःसाठी ठरत नाही. अर्ज द्यायला बायांची खिडकी वेगळी, इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. ती बसवलीय इतकी खाली की कमरेत वाकल्याशिवाय आतल्या कारकुनाशी बोलताच येत नाही. तिथे वाकून वाकून माझी कंबर गेली ती गेलीच.

हनुवटीच्या आईचा डोळाही या चौकोनातच गेला. एका सकाळी डोळ्यातला दाब अचानक वाढला. बाई भिंतीवर डोकं आपटायला लागली. दवाखान्यात डॉक्टर तयार, औषध तयार, हत्यारं उकळून तयार. सही नव्हती. हिचा दादा ट्रक चालवतो, तो दोन गावांच्या मधे कुठेतरी रस्त्यावर, फोनला रेंज नाही. ही म्हणाली, मी मुलगी आहे, मी करते सही. नर्सने तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. दादाचा फोन लागला तोवर डोळा संपला होता.

त्यानंतर तिने लिहायला घेतलं. दुपारी मालक जेवायला घरी गेले की स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर. ब्लॉगचं नाव ठेवलं 'मागची खिडकी'. स्वतःचं नाव नाही, कोणाचंच नाव नाही. पडद्यामागे बाया जे सांगून जायच्या ते त्यांना विचारून लिहायची, आणि लिहायची कसं, तर असं:

"आज एक बाई नोकरीच्या कागदासाठी आली. तिचा जबाबदार पुरुष तिचा मुलगा आहे. तो शाळेत होता. तिला सांगितलं, मधल्या सुट्टीत घेऊन या."

बस. पुढे एक शब्द नाही. मी असते तर त्याच्यापुढे चार पानं शिव्या घातल्या असत्या. ती घालत नव्हती, म्हणूनच ते वाचून शिव्या आपल्याच तोंडात येत. हे मला पटायला वेळ लागला, पण पटलं. माझ्या टपरीवर मी ते मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि चेन बसवून घ्यायला आलेल्या बाया चेन विसरून पुढचं विचारायच्या.

खाली फोटोही असायचे. खिडकीपुढे वाकलेल्या बायांचे, नेहमी पाठमोरे. एका फोटोत मला एक रुंद पाठ दिसली आणि त्या पाठीवर लटकलेली काळी पिशवी, पिवळ्या चेनची. काळी चेन संपली होती म्हणून पिवळी मीच बसवली होती, माझ्याच पिशवीला. आपली पाठ आपण कुठे बघतो? मी बघतच राहिले. लिहिणारी कोण हे तोवर मला ठाऊक नव्हतं. मग आठवलं त्या दिवशी माझ्या मागे कोण उभी होती ते, हनुवटी. तडक स्टुडिओत गेले, पडद्यात शिरले आणि स्टुलावर बसले.

"माझी पाठ चांगली आली," मी म्हटलं.

ती घाबरली नाही. चष्मा पुसला. "मावशी, विचारायचं राहिलं तुम्हाला. काढून टाकू का?"

"हात लावून तर बघ, मग सांगते. पण माझा चेहरा वाईट आहे का?"

"चेहरा दिसला तर तुमची टपरी तिसऱ्यांदा उचलतील."

एवढीशी पोरगी, पण हिशेब पक्का. त्या दिवसापासून ती लिहायची आणि मी ओरडायचे.

आता तिच्या चुकीचं सांगते. दुसरी कोणी ही चूक केली नसती, कारण दुसऱ्या कोणाला ते काम तेवढं येत नव्हतं. एका सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवशी तिने खिडकीपुढच्या रांगेचा फोटो काढला. बायांचे केस सगळीकडे उडालेले. फोटो चढवण्याआधी तिचे हात सवयीने चालले. एकेकीचे केस पुसून सारखे केले आणि प्रत्येकीच्या कानापाशी एक बट ठेवली. अख्ख्या रांगेला.

तो फोटो खूप फिरला. कचेरीतल्या साहेबापर्यंत पोचला. केस असे आवरणारा हात स्टुडिओतलाच, हे त्याने ओळखलं. त्याने फोटो छापून बाजारातल्या सगळ्या स्टुडिओंना पाठवला आणि कळवलं, हे काम कोणाचं ते कळेपर्यंत पडद्यामागचे सगळे फोटो बंद. बायांचे फोटो बंद म्हणजे बायांचे अर्ज बंद.

मालकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग पडदा बाजूला केला. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"हे केस कोणी आवरले?"

"मी, काका."

"वाईट काम केलं असतंस तर निभावलं असतं," मालक म्हणाले आणि खुर्चीत बसले. "मी सांगतो, ओळखू येत नाही म्हणून. माझं वय झालंय, खपून जाईल."

"मग पडदे बंदच राहतील, काका. तुम्ही माझं नाव सांगा."

"वेडी आहेस का तू?"

"तुमच्या दुकानाला टाळं लागलं तर बायांचे फोटो काढणार कोण? सांगून टाका. मी सांगायला लावलं म्हणून सांगा."

मालकांनी सांगितलं. नंतर कित्येक दिवस ते पडद्याकडे पाठ करून बसायचे.

नोटीस आली. तिच्या नावावर नाही, दादाच्या नावावर. लिहिलं हिने, फोटो काढले हिने, आणि बोलावणं कोणाला, तर ज्याला टायरच्या पलीकडचं जग माहीत नाही त्या भावाला. सोबत एक छापील कागद. माझ्या देखरेखीखालील स्त्रीच्या हातून झालेली चूक मी कबूल करतो, तिचं लिखाण मी बंद करवीन, वगैरे. सही करायची. नाही केली तर त्याचं ट्रक चालवायचं लायसन्स जप्त.

हे सगळं व्हायला वेळही अशी गाठली की काय सांगू. आईच्या दुसऱ्या डोळ्यातही दाब वाढायला लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा डोळा दुखायची वाट बघू नका, महिनाअखेर करून टाकू. आणि महिनाअखेर दादाची लांबची फेरी ठरलेली. म्हणजे पुन्हा तोच चौकोन, पुन्हा तीच सही, पुन्हा रस्त्यात रेंज नाही. उरलेला एकच डोळा होता बाईकडे.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा दादा कागद टेबलावर ठेवून बसला होता. ताटात जेवण तसंच. राक्षसासारखा माणूस, पण खांदे पार पडलेले.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस," तो बहिणीला म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुला माहीत असतं," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुला विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. तुला जमत नाही. कान लाल होतात तुझे."

आई कोपऱ्यातून म्हणाली, "लहानपणापासून होतात. गूळ खाल्ला तरी कळायचं."

"आई, तू गप बस गं."

"बसते. एक डोळा गेल्यापासून बसूनच आहे."

दादाने ताट बाजूला सारलं. मग दादा मला म्हणाला, "मावशी, तुम्हाला वाचता येतं ना नीट? काय लिहिलंय हिने, वाचा."

मी पहिल्यापासून वाचायला घेतलं. पहिलंच लिखाण आईच्या डोळ्याचं होतं. दवाखाना, हत्यारं, नर्स. शेवटी होतं: "जबाबदार पुरुष रस्त्यावर होता. तो चांगला माणूस आहे. आमच्यासाठी भाजी, औषध, पाणी तोच आणतो. आईच्या डोळ्याने त्याची वाट बघायची, हे त्याने ठरवलं नव्हतं."

दादा उठला, मोरीत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ. परत आला आणि म्हणाला, "सही करून टाकतो. लायसन्स राहिलं तर घर राहील. आईच्या वेळी मी फेरी रद्द करीन, शब्द देतो."

मला आग लागली. मी तोंड उघडणार तोच हनुवटीने माझ्या मनगटावर हात ठेवला. त्याला म्हणाली, "दादा, सही करायची तर कर. मी अडवणार नाही, तुझ्या पोटावर माझा ब्लॉग चालवायचा नाही मला. फक्त एक कर. तुला जे माहीत नाही ते माहीत आहे असं म्हणू नकोस."

"एवढंच?"

"एवढंच."

कचेरीत बाईला साहेबाच्या खोलीत जाता येत नाही. तिच्याविषयीचं बोलणं आत पुरुषाशी होतं, ती बाहेर बाकावर बसते. आम्ही दोघी बसलो. दार नीट लागत नाही, बिजागरी सुटलेली, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं. साहेब, बाजूला शिक्का घेऊन कारकून, आणि समोर दादा, खुर्चीच्या कडेवर.

"तुमच्या बहिणीने हे का लिहिलं?"

"मला माहीत नाही, साहेब."

"फोटो कोणत्या कॅमेऱ्याने काढले?"

"मला माहीत नाही."

"या बाया कोण आहेत?"

"साहेब, पाठीवरून मी माझ्या बायकोलाही ओळखणार नाही, लग्न झालं तर."

कारकून खाकरला. साहेब म्हणाला, "तिच्या वतीने तुम्ही उत्तर द्यायचं असतं. नियम आहे. या कागदावर लिहिलंय ना, कबूल करतो म्हणून. करा सही."

दादाने पेन उचललं. त्याने कागद वाचला, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि पेन खाली ठेवलं.

"साहेब, यात लिहिलंय की चूक झाली. काय चूक झाली ते मला माहीत नाही. मी रस्त्यावर असतो. उद्या वरून कोणी विचारलं, तुला काय माहीत होतं, तर मी काय सांगू? तुम्हीच मला खोटं लिहून द्यायला लावलं असं सांगू का?"

त्याचे कान बघितले मी. लाल नव्हते.

"वरून" हा शब्द ऐकला आणि साहेब हलला. हे प्रकरण वर जाणारच होतं, आणि वर पाठवायला त्याच्याकडे होता काय, तर काही माहीत नसलेल्या माणसाचा जबाब. त्याने टेबलावर थाप मारली. "बोलवा तिला आत."

कारकून म्हणाला, "साहेब, पण बाई आत..."

"म्हटलं ना बोलवा."

ती आत गेली. दारातून मी बघत होते. तिने खुर्ची मागितली नाही, दादाने उठून आपली दिली. साहेबाने एकेक विचारलं, तिने एकेक सांगितलं. आवाज तसाच बारीक. साहेब पुढे झुकला, कारकून पुढे झुकला, दोघेही टेबलावर जवळजवळ आडवे, तिचं ऐकायला. मागच्या खिडकीपुढे आम्ही वाकतो तसे. आणि ती ताठ बसलेली. लिहिलं मी. फोटो मी काढले. कोणी सांगितलं नाही. बायांची नावं सांगणार नाही. ब्लॉग बंद करायचा तर तुम्ही करा, मी करणार नाही. एकदाही आवाज चढला नाही. चौकात इतकी वर्षं मी घसा फोडला त्यातून एकदाही साहेब माझ्याकडे असा झुकला नव्हता.

साहेबाला वाटलं, सापडली. सगळं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "खाली सही कर. नंतर फिरायचं नाही."

तिने सही केली. कागद कारकुनाकडे गेला. आता हा कारकून आयुष्यभर एकच काम करत आलेला. पुढ्यात सही आली की शिक्का मारायचा. त्याचा हात उठला आणि आपटला: 'सही तपासली. ग्राह्य.'

"मला याची प्रत मिळेल?" तिने विचारलं.

"सही करणाऱ्याला प्रत मिळते," कारकून म्हणाला, आणि सवयीनेच दुसरा कागद काढून त्यावरही शिक्का मारला.

बाहेर आल्यावर मी तिला कोपऱ्यात घेतलं. "बाईच्या सहीवर शिक्का बसणार हे तुला आधीपासून ठाऊक होतं ना? खरं सांग."

"नाही, मावशी. स्टुडिओची सवय. कोणाचं काही काढलं की प्रत हातात द्यायची." मग तिने कागद उलगडला, शिक्का वाचला आणि चष्मा काढला. पुसून पुन्हा चढवला आणि तोच शिक्का परत वाचला.

त्या दुपारी 'मागची खिडकी'वर शेवटचं लिखाण आलं. प्रतीचा फोटो, सही आणि शिक्का स्पष्ट, आणि खाली दोन ओळी. "ही माझी सही. त्यांनी घेतली." संध्याकाळपर्यंत ब्लॉग बंद पाडला त्यांनी, पण तोवर मालकांनी तो फोटो छापायला घेतला होता. स्वतः, पडद्याकडे तोंड करून. फोटो काढायला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या पाकिटात एक प्रत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "नमुना आहे. सही कशी करावी त्याचा."

मग बाया मागच्या खिडकीवर गेल्या. मी पहिली. वाकले, अर्ज आत सरकवला. चौकोनात माझी सही. तोच कारकून.

"जबाबदार पुरुष कुठाय?"

"तिची घेतलीत, माझी घ्या," मी म्हटलं आणि प्रत दाखवली. आपलाच शिक्का बघून त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची कीव आली, म्हणजे जवळजवळ आली. माझ्यामागून दुसरी म्हणाली, "तिची घेतलीत, माझी घ्या." मग तिसरी. रांग डब्यांच्या पलीकडे गेली होती आणि कोणी ओरडत नव्हतं. मीसुद्धा नाही.

खिडकी काही दिवस बंद ठेवली त्यांनी. मग वरून पत्र आलं. दवाखान्याच्या कागदांपुरती बाईची स्वतःची सही चालेल. बाकीच्या अर्जांचा चौकोन आहे तिथेच आहे, त्याच्यासाठी आम्ही अजून वाकतो आणि अजून भांडतो. हनुवटीला लिहायला बंदी घातली. दादाचं लायसन्स गेलं ते गेलंच, तो आता बाजारात हमाली करतो आणि रोज घरी येतो. हे सगळं मी गोड करून सांगणार नाही.

पण महिनाअखेर मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात होते. त्याआधी आईचा फोटो काढायचा होता, कागदाला लावायला. म्हातारी स्टुलावर बसली.

"हनुवटी वर," लेक म्हणाली.

"आणखी किती वर? छताला लावू?"

फोटोत तिचे पांढरे केस आवरलेले आहेत, कानापाशी एक बट आहे.

नर्सने कागद पुढे केला. त्यावर तो चौकोन होताच, पण छापील अक्षरं पेनने खोडून वर लिहिलं होतं, 'रुग्णाची सही'. आईने आयुष्यात कधी सही केली नव्हती. आठवडाभर वर्तमानपत्राच्या कडांवर गिरवत होती. आता एका डोळ्याने कागद अगदी नाकाशी नेला, जीभ दातांत धरली आणि सही केली. वाकडीतिकडी, चौकोनाच्या बाहेर गेलेली. नर्सने कागद घेतला, आणि म्हातारीला आत नेलं.

जबाबदार पुरुष दारात उभा होता, हातात पाण्याची बाटली धरून. त्याला कोणी काही विचारलं नाही.